चाकांवरचा हापसा

परभणी शहर मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गाडीखाली वाकून. सकाळी नऊच्या सुमाराला बसस्थानकाच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली आम्ही थांबलो, तेव्हा गाडीच्या पोटातून पाण्याची धार लागली होती. माझे यजमान पोतं अंथरून गाडीखाली उताणे पडले होते आणि मी पदर खोचून टॉर्च धरून बसले होते. रस्त्याने लाल एसट्या जात होत्या, सायकलवाले पाय टेकवून पाहत होते, आणि समोरच्या लांबलचक भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या व विरोधाच्या घोषणा एकमेकींच्या अंगावर रंगवलेल्या होत्या. त्या वर्षांत मराठवाड्यातली कुठलीच भिंत कोरी नसे.

यजमानांना घरीदारी सगळे नाना म्हणतात, मीसुद्धा. मिरजेजवळच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. दोघंही निवृत्त झाल्यावर नानांनी एका शाळेची मोडीत निघालेली बस घेतली आणि वर्षभर खपून तिचं घर केलं. दोन बाकं झोपायला, एक ओटा, पडद्यामागे अंघोळीची जागा. बाकाखाली स्वच्छ पाण्याची पत्र्याची टाकी आणि बेसिनपाशी हातभर उंचीचा एक पंप. दांडा मारला की पाणी येई. गाडीच्या तळाला दुसरी टाकी टांगलेली, अंघोळीचं आणि भांड्याचं पाणी साठवायला. आपलं सांडपाणी कुणाच्या दारात सोडायचं नाही, गावाबाहेर नेऊन ओतायचं, हा नानांचा नियम. मिरजेचं घर भाचीच्या ताब्यात देऊन आम्ही निघालो त्याला चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत आमचं दुसरं घर नव्हतं.

नुसतं फिरायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं. पुण्यातल्या काही ओळखीच्या मंडळींकडून मी पाणी तपासायच्या बाटल्या आणल्या होत्या. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरायचं, दीड दिवस उबेत ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर पाणी काळं पडतं. गावोगाव विहिरी तपासून द्यायच्या, हे माझं काम. गाडीतली प्रत्येक नळी सांभाळायची, हे नानांचं.

परभणीत गळती निघाली ती टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपाच्या वळणावर. गंगाखेडपासूनच्या खडी उखडलेल्या रस्त्याने तो सांधा हलवून हलवून सैल केला होता. नाना नवं वळण आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या दुकानदाराने सगळी हकीकत शांतपणे ऐकली आणि वळण द्यायचं नाकारलं. त्याचं म्हणणं असं की लोखंड हलत नाही म्हणूनच तुटतं. घर हलणारं असेल तर पाइपसुद्धा हलणारा हवा. मध्ये हातभर रबरी नळी घाला, दोन्ही टोकांना पट्टी आवळा आणि बिनघोर (निश्चिंत) राहा.

नानांना सल्ला घ्यायला आवडत नाही. दुकानातून बाहेर पडताना ते म्हणाले की याने आयुष्यात कधी गाडीतली टाकी पाहिली नसेल. पण नळी त्यांनी घेतली. दुपारपर्यंत बसवली, आणि पुढे कितीही खड्डे लागले तरी तो सांधा पुन्हा गळला नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला तीनदा नळी दाखवली. तिसऱ्यांदा दाखवताना ती त्यांची स्वतःचीच युक्ती झाली होती.

दुसऱ्या दिवशी पेडगावला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी काळीभोर जमीन, वेचणी संपत आलेला कापूस आणि माणूस उभा बुडेल एवढी ज्वारी. गावाबाहेर रामराव नावाच्या शेतकऱ्याने आम्हाला आपल्या शेताच्या कडेला गाडी लावू दिली. चहा ठेवावा म्हणून मी पंपाचा दांडा मारला, तर नुसता खसखस आवाज. टाकी भरलेली, नळी कोरडी. नानांनी पंप खोलला, चामड्याचा वायसर पाहिला, पुन्हा लावला. पाणी येईना.

रामराव दारात उभे राहून आवाज ऐकत होते. पन्नाशीचे, डोक्याला मळका रुमाल, बोलणं संथ. ते म्हणाले, "तुमचा हापसा पाणी न्हाई, हवा ओढायलाय."

हापसा म्हणजे हातपंप. आम्ही त्याला पंप म्हणत होतो, त्या दिवसापासून तोही हापसा झाला. रामरावांच्या विहिरीवर इंजिन होतं आणि इंजिनाने हवा धरली की काय करायचं, हे त्यांना रोजच्या सवयीने ठाऊक होतं. त्यांनी बांधावरची ओली माती आणायला सांगितली आणि ती पाइपाच्या एकेका सांध्यावर थापली. हापशाच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतून दांडा मारला. दुसऱ्या सांध्यावर माती थापताच पाणी भस्सकन वर आलं. फट तिथेच होती. पाणी बाहेर गळावं एवढी मोठी नव्हती, पण हवा आत ओढली जाईल एवढी पुरेशी होती. नानांनी तिथे सुतळी गुंडाळून सफेद्याचा पांढरा लेप भरला आणि काम झालं.

संध्याकाळी शेतात आगटी पेटवून रामरावांनी कोवळ्या ज्वारीचा हुरडा भाजला. त्याबरोबर तिळाची चटणी आणि गूळ. मग घरी येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा घोटून केलेला झणझणीत रस्सा) आणि टोपलीभर भाकरी. जेवताना मी बाटल्यांविषयी बोलले. रामरावांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाले की त्यांची धाकटी बहीण गयाबाई बोरीला दिलेली आहे. तिच्या वस्तीतल्या बायकांनी दोन उन्हाळे खपून नवी विहीर काढली आहे. तिचं पाणी तपासून दिलंत तर बरं होईल.

बोरी जिंतूर तालुक्यातलं मोठं गाव. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वस्तीपाशी सपाट जागा नव्हती, म्हणून नानांनी ओढ्याकडे उतरणाऱ्या जमिनीवर गाडी लावली. तोंड खाली, चाकांना दगड. गयाबाई विहिरीवरच भेटली. चाळिशीची, उंच, शिडशिडीत. भावाचा निरोप सांगितल्यावर तिने आम्हाला घरी न नेता आधी विहीर दाखवली.

आत चिरेबंदी काठ होता आणि उतरायला पायऱ्या. कुठला दगड कुणी आणला हे तिला पाठ होतं. एका मोठ्या चिऱ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "ह्यो चौघीजणींनी आणलेला. आमी दोन उन्हाळे दगडं वाहिली, बाई. आधी ओढ्यात झरे उकरून पाणी भरायचो. आता हितंच हाय. लय गोड हाय."

गावात काहीजणांना ही जागा पहिल्यापासून पसंत नव्हती. ओढा जवळ, पाणी दूषितच लागणार, असं ते म्हणत. गेल्या पावसाळ्यात मुलांना जुलाब झाले तेव्हा ही कुजबुज वाढली होती. म्हणून तपासणी होतेय याचा गयाबाईला आनंदच होता.

मी काम नेहमीसारखं नीट केलं. दोरी लावलेला तांब्या आमच्या हापशाखाली घासून, खळखळून धुतला. नव्या विहिरीच्या दोन बाटल्या भरल्या, गावातल्या दोन जुन्या विहिरींची एकेक. चारही बाटल्या गोधडीत गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला साबणाचा वास आला. नाना म्हणाले की पातेलं नीट विसळलं नसेल. मला वाईट वाटलं, पण मी पुन्हा चहा टाकला. त्यालाही तोच वास. दूध बिघडलं असेल म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला.

दीड दिवसाने गोधडी उघडली तेव्हा चारही बाटल्या शाईसारख्या काळ्या होत्या.

मारुतीच्या पारावर सरपंच आणि वीस-पंचवीस माणसं जमली होती, बायका बाजूला उभ्या. मी बाटल्या मांडल्या आणि अर्थ सांगितला. सरपंच भला माणूस होता, पण जुलाबाची धास्ती त्याने घेतलेली होती. त्याने सांगितलं की जुन्या विहिरींत औषध टाकून घेऊ. नवी विहीर मात्र ओढ्याला लागून आहे, तिथे औषध किती दिवस पुरणार? तिचं पाणी उद्यापासून फक्त जनावरांना. बायकांमध्ये कुणी तोंडाला पदर लावला. एक म्हातारी तिथेच खाली बसली. मला वाटलं गयाबाई भांडेल. ती पुढे आली, बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या आणि माझ्याकडे वळली.

"बाई, तीन विहिरी, तीन जाग्याचं पाणी. मंग काळं सारखंच कामून?"

कामून म्हणजे का. तीस वर्षं मी वर्गात मुलांना हाच प्रश्न विचारायला शिकवत होते. चार बाटल्या एकाच वेळी, एकाच रंगाने, एकसारख्या काळ्या पडल्या होत्या. तिन्ही विहिरींत सारखं असं काय होतं? विहिरींत काही नव्हतं. सारखा होता तो माझा तांब्या, आणि तांब्याला लागलेलं आमच्या टाकीचं पाणी. आमच्या पाण्याची एक बाटली बाजूला भरून ठेवायचं साधं शहाणपण मला सुचलं नव्हतं. मी सरपंचाला एवढंच म्हटलं की एक दिवस थांबा, मला एक गोष्ट पाहायची आहे.

सकाळी मी नानांना शंका सांगितली. त्यांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. टाकी त्यांनी स्वतः रंगवली होती, झाकण स्वतः बसवलं होतं, दर आठवड्याला ते आत हात घालून घासत असत. त्या टाकीत घाण आहे असं मी म्हणतेय, तेही परक्या गावात. ते पोहे खात राहिले. मी साबणाच्या चहाची आठवण दिली. त्यांनी बशी खाली ठेवली.

मी गयाबाईच्या घरून कपड्यांना घालायची नीळ मागून आणली. ही नीळ सांडपाण्यात ओतायची आणि हापशातून काय येतं ते पाहायचं, एवढीच माझी कल्पना. नानांनी पुडी माझ्या हातातून घेतली. म्हणाले, "मीच ओततो. पाणी नितळ आलं की मग माझ्या कामाला नाव ठेवू नकोस."

त्यांनी नीळ बादलीत कालवून अंघोळीच्या मोरीत ओतली. आम्ही काही वेळ थांबलो. मग त्यांनी पांढरा चिनीमातीचा कप हापशाखाली धरून दांडा मारला. पहिला कप स्वच्छ. दुसराही स्वच्छ. नानांनी माझ्याकडे पाहिलं. ते दांडा मारत राहिले. पाचव्या कपाला पाण्यात निळसर झाक आली, आणि सातवा कप धुण्याच्या बादलीतल्या पाण्याइतका निळा होता.

नाना पायरीवर जाऊन बसले. माझा अंदाज खरा ठरला होता, पण मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

थोड्या वेळाने ते गाडीखाली गेले. मी टॉर्च धरला. कारण सापडायला फार वेळ लागला नाही. स्वच्छ टाकी काठोकाठ भरली की जास्तीचं पाणी बाहेर जायला एक नळी होती. ते पाणी रस्त्यावर सांडू नये म्हणून नानांनी मोठ्या हौसेने ती खालच्या सांडपाण्याच्या टाकीला जोडली होती. सपाट जमिनीवर काही बिघडत नव्हतं. इथे गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी होती, त्यामुळे मागच्या बाजूला टांगलेली सांडपाण्याची टाकी पुढच्या स्वच्छ टाकीपेक्षा वर गेली होती, आणि ती भरत आली होती. सांडपाणी त्याच नळीतून उलटं वाहून स्वच्छ टाकीत उतरत होतं. पाण्याचा थेंब सांडू नये या त्यांच्या नियमानेच हे केलं होतं. नाना गाडीखालूनच म्हणाले, "गळणारं पाणी दिसतं गं. हे मला कधी दिसलंच नसतं."

आता पारावर जाऊन सांगायचं कसं? मी म्हटलं, बाटल्या खराब निघाल्या असं सांगू, पुन्हा तपासू, निकाल खरा येईल आणि कुणाचं नुकसान होणार नाही. नवऱ्याला चारचौघांत मान खाली घालायला लागू नये म्हणून मी, जन्मभर विज्ञान शिकवलेली बाई, हे बोलले. इथे लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण जे घडलं ते असं.

नाना हात पुसत म्हणाले, "बाटल्यांचा काय दोष?"

त्यांनी निळ्या पाण्याचा तो कप उचलला आणि निघाले. अंगावर मातीने माखलेला सदरा, पायात चपला नाहीत. वस्तीतून पारापर्यंत शंभरेक पावलं असतील. कप हिंदकळू नये म्हणून ते हळू चालत होते आणि दारादारातून माणसं पाहत होती. मी मागून चालले होते. पारावर त्यांनी कप सरपंचाच्या पुढ्यात ठेवला.

"काल ज्या घाणीने बाटल्या काळ्या झाल्या ती माझ्या गाडीतली आहे. पाइप मी जोडला. चुकलो तो मी. तुमच्या विहिरीवर आम्ही खोटा आळ घेतला."

मग मी पुढे होऊन सांगितलं की तांब्या त्या पाण्याने मी धुतला, तेव्हा अर्धी चूक माझी. कुणी हसलं नाही. सरपंचाने कप उचलून उजेडात पाहिला. मग म्हणाला की आता सगळ्यांसमोर पुन्हा भरा, आणि भांडं या गावातलं घ्या.

गयाबाईने आपलं भांडं चुलीवर खळाखळा उकळलं. विहिरीत तिनेच सोडलं, बाटल्यांत पाणी तिनेच ओतलं. मी फक्त कसं धरायचं ते सांगितलं. पाचवी बाटली आमच्या टाकीची भरली. थंडी होती, म्हणून तिने बाटल्या आपल्या घरातल्या कापसाच्या ढिगात खुपसून ठेवल्या. गोधडीपेक्षा ती ऊब चांगली होती.

ते दीड दिवस नाना गाडीखालीच होते. गाडी गावाबाहेर नेऊन त्यांनी दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या, ती नळी कापून काढली आणि जास्तीच्या पाण्याला वेगळी, थेट बाहेर उघडणारी वाट दिली. दवाखान्यातून ब्लीचिंग पावडर आणून टाकी आणि हापसा धुतला. काही शेतकरी उकिडवे बसून पाहत होते, मध्येच सूचना करत होते. नाना प्रत्येकाचं ऐकून घेत होते. एकाने झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी लावा म्हटलं, ती त्यांनी लगेच लावली.

कापूस बाजूला सारून बाटल्या काढल्या तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. आमच्या टाकीची बाटली डांबरासारखी काळी. जुन्या दोनपैकी गोठ्याजवळच्या विहिरीची काळी, दुसरीची स्वच्छ. नव्या विहिरीच्या दोन्ही बाटल्या भरल्या तशाच होत्या. सरपंचाने सगळ्यांसमोर सांगितलं की नव्या विहिरीचं पाणी पिण्याचं, आणि गोठ्याजवळच्या विहिरीत आजच औषध टाकायचं. गयाबाईने आपली एक बाटली उन्हात धरली आणि शेजारणीच्या हातात दिली. तिने पुढचीच्या. सगळ्या बायकांच्या हातून फिरून ती परत आली. त्या दिवशी पारावर खाली बसलेली म्हातारी मघापासून गयाबाईच्या दंडाला धरून उभी होती.

निघायच्या दिवशी त्या बायकांनी रांग लावून घागरींनी आमची टाकी भरली. मी नको म्हणत होते. गयाबाई म्हणाली की रिकाम्या टाकीने पाहुणे जाऊ द्यायची रीत त्यांच्यात नाही.

परतीच्या वाटेवर पालमला बाजाराचा दिवस लागला. एसटीची वाट पाहणारी माणसं गाडीभोवती जमली. एरवी नाना आधी झोपायची बाकं दाखवत, मग ओटा. त्या दिवशी त्यांनी माणसांना खाली वाकायला लावून नळी कापलेली जागा दाखवली आणि ती का कापली हे पहिल्यापासून सांगितलं. मी खिडकीत बसून धपाटं खात ऐकत होते. एकाने विचारलं, सगळ्या गावापुढे कशाला सांगितलं. नाना म्हणाले की विहीर सगळ्या गावाची होती.

मिरजेला आल्यावर शेजारीपाजारी विचारायला लागले की मराठवाड्यात काय काय पाहिलं. लोकांना लेणी हवी असतात, देवळं हवी असतात. ती आम्हीही पाहिली. पण मला सांगावीशी वाटते ती मातीने माखलेल्या सदऱ्यातली, अनवाणी, हातातला कप सांभाळत चाललेली माझ्या नवऱ्याची शंभर पावलं. लग्नाला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती. त्या दिवसाइतका अभिमान मला त्यांचा आधी कधी वाटला नव्हता. आणि चार काळ्या बाटल्यांपुढे न डगमगता प्रश्न विचारणाऱ्या गयाबाईचाही वाटतो. माझ्या वर्गात ती असती तर मी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

उन्हाळ्यात तिचं कार्ड आलं, गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. विहिरीला पाणी टिकून आहे, दोन कोस पलीकडच्या वस्तीतल्या बायका विहीर बघून गेल्या, त्यांनाही काढायची आहे. खाली एकच ओळ होती: "तुमच्या टाकीचं पाणी तपासायलाव का?"

नानांनी ती ओळ दोनदा वाचली आणि गाडीची किल्ली व एक रिकामी बाटली घेऊन ते बाहेर गेले. तेव्हापासून आम्ही कुठल्याही गावात पोचलो की पहिली बाटली आमच्याच टाकीची भरतो, आणि ती गावासमोर ठेवतो.